हळदुलीच्या चपला

केतकी ठोंबरेला राज्यातल्या बहुतेक नद्यांमधले मासे नावानिशी माहीत होते, पण त्यांतल्या एकाही नदीत तिने कधी पाय घातला नव्हता.

यात तिचा दोष नव्हता. ती शिकायला लागली तोवर पेला आलेला होता. पेला म्हणजे पोळ्यांच्या डब्याएवढं एक यंत्र. त्याच्या वरच्या खोलगट भागात नदीचं पाणी ओतायचं, झाकण लावायचं आणि चहा उकळेपर्यंत थांबायचं. तेवढ्यात पडद्यावर नावं उमटत: त्या पाण्यात कोणकोण राहतं, मासे, खेकडे, गोगलगाई, किड्यांच्या अळ्या, सगळे. कागदोपत्री त्याचं नाव ‘जनुकवाचक’ होतं, पण त्या नावाने त्याला कोणी हाक मारत नसे.

पेल्याचं काम समजायला अवघड नाही. लग्नघराच्या दाराशी काढलेल्या चपला पाहिल्या, की आत कोण आलंय याचा अंदाज येतो. म्हाताऱ्यांच्या वेगळ्या, पोरांच्या वेगळ्या, एखादी ओळखीची तुटक्या अंगठ्याचीही. पाण्यातला प्रत्येक जीव तसंच काहीतरी मागे सोडत असतो. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर, खेकड्याने टाकलेलं जुनं कवच, विष्ठा. त्या बारीकशा कणातही त्या जीवाचा डीएनए असतो, आणि डीएनए म्हणजे चारच अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. पेला ते कण गाळून घेई, मजकुराच्या लाखो प्रती काढी, त्या वाची आणि पोटातल्या संग्रहाशी ताडून पाही. जुळलं की नाव हजर.

इतकी सोय झाल्यावर नदीत उतरणार कोण? ड्रोन जायचा, पेलाभर पाणी घेऊन यायचा. जाळी अडगळीत गेली. नदी-मंडळात मात्र एक जुना नियम उरला होता. ज्याने नदीत उभं राहून आपल्या हाताने जीव पकडले, ओळखले, त्यालाच नदीच्या अहवालावर सही करता येईल. डॉ. सुलभा नाडगौडा यांनी तो नियम भांडून टिकवला होता, आणि नव्याने नोकरीला लागलेल्यांचं शिबिरही त्याच घेत. म्हणून चंदगडच्या डोंगरात, तांबळी नदीच्या काठी, भर उन्हाळ्यात केतकी गुडघाभर पाण्यात उभी होती आणि तिच्या पायाखालचा गोटा हलत होता.

“जाळी प्रवाहाकडे तोंड करून धर,” काठावरून नाडगौडाबाई म्हणाल्या. त्या सत्तरीच्या पुढे होत्या. डोक्यावर सुती टोपी आणि गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. “आता जाळीच्या पुढे पायाने दगड ढवळ. घाबरू नकोस, नदी चावत नाही.”

“खेकडा चावतो पण,” शेजारून फिरोज म्हणाला. फिरोज मुल्लाणी मिरजेचा, तिच्याच तुकडीतला. सकाळपासून दोनदा पडला होता.

जाळीत आलेलं सगळं त्यांनी पांढऱ्या ताटात उलटं केलं. आधी नुसता पाचोळा दिसला. मग पाचोळ्यातला एक तुकडा चालायला लागला, आणि केतकी ताटावर वाकली ती वाकलीच. पडद्यावर ज्यांची नावं ती रोज वाचायची, ते इथे पाय हलवत होते!

“बाई, ही चतुराची अळी.”

“कशावरून?”

“म्हणजे… वाटतेय तशी.”

“वाटायला काय, मीही पन्नाशीची वाटते.”

“पंचेचाळीसच्या वाटता, बाई,” फिरोज म्हणाला.

“तरी तुला पोहे जास्त मिळणार नाहीत. केतकी, शेपटीकडे बघ. काय दिसतं?”

केतकीने भिंग डोळ्याला लावलं. “तीन पानं आहेत. पिसांसारखी.”

“ते हिचे कल्ले. चतुराच्या अळीला अशी पानं नसतात, टाचणीच्या, म्हणजे त्याच्या सडपातळ भावंडाच्या, अळीला असतात. आता सांग, ही कोण?”

“टाचणीची अळी.”

“कशावरून?”

“शेपटीच्या तीन पानांवरून.” केतकी हसली. बाईंचा तो एक शब्द तिला आवडायला लागला होता.

शिबिराची आणखी एक रीत होती. दिवसभर पाय मारून जे जीव खाली ढकलले गेले, त्यांना संध्याकाळी वरच्या अंगाला नेऊन सोडायचं. “आपण त्यांना घरातून हुसकलंय,” बाई म्हणत, “निदान जाताना घरी पोचवा.” रोज एकाची पाळी असे. सगळी ताटं वरच्या डोहात बुडवून, विसळून आणायची.

त्या दिवशी दुपारी बाईंनी पिशवीतून पंच्यात गुंडाळलेली एक बाटली काढली. बाटलीत अल्कोहोल होतं आणि अल्कोहोलात करंगळीएवढा एक फिकट मासा.

“ही हळदुली,” त्या म्हणाल्या. “मी तुमच्या वयाची होते. पावसाळा होता, पूर ओसरत होता. समोर ते कातळवळण दिसतंय ना, तिथे जाळीत आली. अंगावर हळदीच्या बोटासारखा पिवळा पट्टा होता. तो आता अल्कोहोलात गेला. पुढे दर पावसाळ्यात मी तिथे शोधली. पुन्हा मिळाली नाही.”

“म्हणजे जगात एवढीच एक?” फिरोजचा आवाज एकदम हळू झाला.

“माहीत असलेली एवढीच. पेल्याच्या संग्रहातला हळदुलीचा मजकूरसुद्धा हिच्याच पराचा, म्हणजे पोहायच्या पंखाचा, कण घेऊन लिहिलाय.”

बाईंनी चिमट्याने मासा ताटातल्या पाण्यात ठेवला. सगळ्यांनी आळीपाळीने भिंगातून पाहिला, कुणी हलक्या हाताने उलटाही केला. मग हळदुली बाटलीत परत गेली. संध्याकाळी पाळी केतकीची होती. तिने सगळी ताटं गोळा केली आणि वरच्या डोहात नीट विसळून आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावासाठी तिने खालच्या डोहातलं पाणी पेल्यात ओतलं. चहा उकळला. पडद्यावर नावं उमटली, आणि शेवटून तिसरं नाव वाचून तिच्या हातातला कप कलंडला.

“बाई! हळदुली!”

बाई आल्या, पडदा पाहिला, एका दगडावर बसल्या. चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या. खूप वेळ पुसत राहिल्या. मग स्वतः चुलीपाशी जाऊन त्यांनी सगळ्यांसाठी शिरा केला.

या नावावर एक मोठी गोष्ट अवलंबून होती. कातळवळणावर बंधारा घालायचं ठरत होतं. तो झाला, की वळणापासून वर मैलभर नदीचा खळाळ बुडून संथ तलाव होणार होता. मंडळाची बैठक तोंडावर आली होती आणि मंडळाचे राजाध्यक्षसाहेब बातमी ऐकून फोनवर जवळजवळ ओरडलेच. “ठोंबरे, कमाल केलीत! नामशेष मानलेला मासा आहे म्हटल्यावर बंधारा तिथे घालता येणार नाही. खाली सरकवावा लागेल. नोकरीला लागून महिना नाही झाला आणि ही कामगिरी! अहवाल पाठवा, तुमच्या सहीने.”

फोन ठेवल्यावर केतकीला जमिनीवर पाय टेकत नाहीत असं वाटत होतं. दुपारी झाडाखाली बसून तिने पेल्याने वाचलेला मूळ मजकूर उघडला. गरज नव्हती. आपला मासा जवळून बघावा, इतकंच.

मजकूर संग्रहाशी जुळत होता. अक्षर न् अक्षर जुळत होतं.

ती थांबली. एकाच जातीचे दोन मासे घेतले, तरी त्यांच्या मजकुरात एखाददुसरं अक्षर इकडचं तिकडे असतंच, सख्ख्या बहिणींच्या चेहऱ्यात असावा तसा फरक. आणि इथे पंचेचाळीसेक वर्षं उलटून गेलेली, माशांच्या कितीतरी पिढ्या झालेल्या. तरी हा चेहरा हुबेहूब तोच?

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. जिवंत माशाकडून आलेल्या मजकुराचे तुकडे लांब असतात. जुना झाला की तो मोडत जातो, वाळलेल्या पापडासारखा. पडद्यावरचे हळदुलीचे तुकडे सगळे आखूड होते. शेजारचे खवली, मळ्या या माशांचे तुकडे लांबच लांब.

तिने कालची दुपार आठवली. ताट. चिमटा. वरचा डोह. उन्हाळ्यात नदी जेमतेम वाहते. वरच्या डोहात विसळलेलं रात्रभरात झिरपत खालच्या डोहात येणार, नाही तर कुठे जाणार? लग्नघराच्या दाराशी कुणाच्या तरी जुन्या चपला तिने स्वतःच नेऊन ठेवल्या होत्या, आणि पाहुणा आला म्हणून तीच नाचत होती.

तिने फिरोजला सांगितलं. त्याने गवताची काडी तोडून तोंडात धरली.

“केतके, एक विचारू? तू हे बोलली नाहीस तर कुणाला कळणार आहे?”

“कुणालाच नाही.”

“आणि बंधारा सरकणार. नदी वाचणार. बाई तर सकाळी शिरा ढवळताना गुणगुणत होत्या, मी ऐकलंय. मग?”

तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. पण डोक्यात भुंगा शिरला होता. तिने नवी बाटली घेतली, डोह ओलांडून आणखी वर गेली, जिथे शिबिराचं ताट कधी पोचलं नव्हतं, आणि तिथलं पाणी पेल्यात ओतलं.

बाकी सगळी नावं आली. हळदुली आली नाही.

बाई तंबूबाहेर भिंग पुसत बसल्या होत्या. केतकी समोर उभी राहिली. “बाई, सकाळची हळदुली नदीतली नव्हती. तुमच्या बाटलीतली होती. मी ताट विसळलं तिथून ती आली.”

बाईंचा हात थांबला. “कशावरून?” त्यांनी विचारलं. सवयीने नव्हे, खरंच विचारलं.

केतकीने सांगितलं: जुळलेली अक्षरं, आखूड तुकडे, वरचं पाणी. सांगून झाल्यावर बाईंनी नदीकडे पाहिलं.

“वरच्या अंगाला सोडायची रीत माझी,” त्या म्हणाल्या. “पेला यायच्या आधीची रीत. पेला आल्यावर तिचा पुन्हा विचार करायला हवा होता, तो मी केला नाही. तू एकटी वाईट वाटून घेऊ नकोस.” मग जरा वेळाने, “साहेबांना फोन कर. आत्ताच कर. उशीर केलास की जड जाईल.”

राजाध्यक्षांचा आवाज या वेळी थंड होता. “म्हणजे मासा नाही.”

“तसंही म्हणता येत नाही, साहेब. पेल्यात आला नाही, एवढंच म्हणता येतं.”

“मग तुम्हाला नक्की म्हणता येतं तरी काय? हे बघा ठोंबरे, बैठक दोन दिवसांवर आहे. मासा असेल तर दाखवा. नसेल तर बंधारा कातळवळणावर होईल. आणि तुमच्या नावापुढे काय लिहायचं, ते मी नंतर बघतो.”

केतकीने फोन खाली ठेवला.

बाईंनी पिशवीतून बाटली काढून तिच्या हातात दिली. “हिला ताटात काढू नकोस आता. बाहेरूनच बघ. सगळं आयुष्य मी हिला त्या पिवळ्या पट्ट्यासाठी बघितलं. तू पट्टा पाहिलाच नाहीस. तुला काय दिसतं ते सांग. हिचं नाव विसर. अंग बघून घर सांग.”

केतकीने बाटली उन्हात धरली. भिंग लावलं. आधी काहीच वेगळं दिसलं नाही. नदीत पहिल्या दिवशी दिसला होता तसा नुसता पाचोळा. ती बघत राहिली.

“डोळे फार बारीक आहेत,” ती म्हणाली. “बाकीच्या माशांच्या मानाने अगदीच.”

“हं.”

“तोंडाभोवती मिशा सहा आहेत आणि लांब आहेत. म्हणजे ही बघण्यापेक्षा चाचपडत असावी. अंग सुतळीसारखं. पर आखूड, वाहत्या पाण्यात जोर लावायला पुरणार नाहीत.” तिने मान वर केली. “बाई, ही खळाळात राहणारी नाही. हिचं घर अंधारात आहे. अरुंद जागेत. पुराने ओढून बाहेर काढली असेल, म्हणून तुम्हाला कातळवळणावर मिळाली. ती तिथे राहत नव्हती, वाहून आली होती.”

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. “आणि मी दर पावसाळ्यात तिथेच जाळं लावत बसले,” त्या हळूच म्हणाल्या.

“पण नदीत अंधारी, अरुंद जागा कुठली?”

तेवढ्यात फिरोजने पाण्याची कळशी आणून टेकवली. “आधी पाणी प्या. फ्रीजसारखं गार आहे.”

शिबिराचं पिण्याचं पाणी झिऱ्यातून येई. उन्हाळ्यात नदी आकसली, की वरच्या वाडीतल्या बायका कोरड्या वाळूत हातभर खड्डा करत. त्यात खालून नितळ पाणी झिरपून साठे. केतकीने पेला तोंडाला लावला. यंत्र नव्हे, साधा स्टीलचा. पाणी खरंच गार होतं. उन्हात तापलेल्या नदीचं वाटत नव्हतं.

“फिरोज, हे पाणी येतं कुठून?”

“वाळूखालून. दिसत नाही म्हणून काय, नदी खालून वाहतेच की.”

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. तिघंही एकमेकांकडे बघायला लागले.

आपण नदी म्हणतो ते फक्त वरचं पाणी. खाली वाळू आणि गोटे यांच्या फटींतून दुसरी एक नदी चालते, हळू, गार, काळोखी. भर उन्हाळ्यातही ती आटत नाही. तिथे राहणाऱ्याच्या अंगाचे कण वर येईपर्यंत वाळूच गाळून घेते. ड्रोन वरचं पाणी नेतो, म्हणून त्या घराच्या दारातल्या चपला पेल्याला कधी दिसायच्याच नाहीत.

“चला, झिऱ्याचं पाणी पेल्यात टाकू!” फिरोज उठलाच.

“नको,” केतकी म्हणाली. “आपल्या सगळ्यांच्या हातांना हळदुली लागलीय. चिमट्याला, कपड्यांना, बाटल्यांना. आपण पेल्यात आता काहीही ओतलं तरी ती येऊ शकेल, आणि आली तरी कुणी विश्वास ठेवू नये. मीसुद्धा ठेवणार नाही.”

“मग?”

“मग डोळ्यांनीच बघायचं.”

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिघं सगळ्यात वरच्या झिऱ्यावर गेली. केतकीने वाडीतून मागून आणलेलं एक कोरं पांढरं ताट झिऱ्याच्या तळाशी ठेवलं आणि काठाला पोटावर पालथी पडली. वर फिरोजने चादर धरली, आत काळोख राहावा म्हणून.

पाण्याला आलेल्या बायका कळश्या घेऊन थबकल्या. “मास्तरीणबाई, झिऱ्यात ताट कशाला ठेवलंय? जेवायला कोण येणार हाय?”

“एक पाहुणी यायचीय, मावशी,” बाई म्हणाल्या. “लाजरी आहे.”

“मग चादरीखाली पोरगी काय करतीय?”

“पंगत वाढतीय,” फिरोज म्हणाला आणि चादर जवळजवळ सोडलीच. हशा पिकला. पण एकीनेही कळशी बुडवली नाही; सगळ्या वाळूत बसून राहिल्या.

ऊन वर चढलं. केतकीची मान अवघडली. ताटावर वाळूचे कण आले, डोळे नसलेला पांढरा झिंग्यासारखा एक बारका जीव आला, गेला. तो कोण हे तिला माहीत नव्हतं, आणि माहीत नसण्याची अशी मजा तिला कधी आली नव्हती. मग कडेच्या वाळूतून एक दोरा बाहेर आला. दोऱ्याला मिशा होत्या. तो चाचपडत ताटावर आला, पांढऱ्यावर आडवा झाला, आणि त्याच्या अंगावर हळदीचं बोट ओढल्यासारखा पट्टा होता.

“बाई,” ती श्वास रोखून म्हणाली. “ताट वर घेतेय.”

ताट अलगद बाहेर आलं. बाई गुडघ्यांवर बसल्या. आवाज नेहमीचाच होता.

“ही कोण?”

“पट्टा पिवळा. मिशा सहा. अंग सुतळीसारखं.” केतकीने भिंग आणखी जवळ नेलं आणि थांबली. “पण बाई, बाटलीतल्या हळदुलीला डोळा आहे. बारीक, पण आहे. हिला नाही. डोळ्याच्या जागी नुसता ठिपका आहे.”

“म्हणजे ही हळदुली नाही?” फिरोज घाबरून म्हणाला.

“ठाऊक नाही. हळदुलीच असेल आणि खाली राहून राहून डोळा गेला असेल. किंवा तिची बहीण असेल. किंवा कोणी तिसरीच, जिचं अजून नावही नाही.”

बाई खदखदून हसल्या, लहान मुलीसारख्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही. “आता तू नदीत उतरलीस,” त्या म्हणाल्या.

बायका ताटाभोवती गोळा झाल्या होत्या. फिरोजने सगळ्या बाजूंनी चित्रण करून घेतलं. मग केतकीने ताट उचललं आणि सवयीने वरच्या अंगाला निघाली.

“वर नको गं,” बाई म्हणाल्या. “जिथून घेतलं, तिथेच.”

केतकी वळली. ताट झिऱ्यात टेकवलं. पिवळा दोरा एकदा वळवळला आणि वाळूत दिसेनासा झाला. फोन तिच्या खिशात वाजतच होता. राजाध्यक्ष होते.

“बोला ठोंबरे. चित्रण पाहिलं. एका शब्दात सांगा, ही हळदुली आहे की नाही?”

केतकीने बाईंकडे पाहिलं. बाई नदीकडे बघत होत्या. उत्तर तिचं तिलाच द्यायचं होतं.

“ठाऊक नाही, साहेब,” ती म्हणाली. “पण वाळूखाली कोणीतरी राहतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बंधारा झाला तर या वाळूवर गाळ बसेल आणि ते घर बुजेल. एवढ्यावर मी सही करते.”

मग साहेबांचा आवाज आला, जरा वेगळाच. “हे… दिसतं का हो तिथे, कुणालाही?”

“दिसतं की. बैठक इथेच घ्या, साहेब,” केतकी म्हणाली. “सगळ्यांना घेऊन या. फक्त बूट काढावे लागतील.”